बिनकाचेचं घड्याळ

घड्याळजीने घड्याळ हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "घालायचं आहे की ठेवायचं?"

ही त्याची पद्धत. एवढं ठरल्याशिवाय तो झाकण उघडत नाही. टेबलावर दोन ट्रे असतात. घालायचं घड्याळ तो आतून साफ करतो, वरचे ओरखडे तसेच राहू देतो. ठेवायचं असेल तर घासूनपुसून, तबकडी नव्याने रंगवून असं चकचकीत करतो की ज्याचं आहे त्यालाही ओळखू येऊ नये. प्रश्न सरळ होता, पण माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं.

"आधी बघा तरी. गिऱ्हाईक दिसलं की लागले विचारायला," मी म्हटलं.

"शिंपीणबाई, तुम्ही माप न घेता कापड कापता का?" तो म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावून बसला.

घड्याळ माझ्या बाबांचं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं आणि वर्षभर कपाटात पडून राहिलं. मागच्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याला आम्ही धडपड्या म्हणतो, बस चालवतो. म्हणाला, "ताई, ते घड्याळ नवं करकरीत करून घे. काच बसव, तबकडी रंगव. पेटीत घालून भिंतीला लावू." मग नेहमीसारखं रडगाणं. बसचा डावा आरसा खांबाला घासला होता. "खांब मधे आला त्याला मी काय करू? साहेबांनी नुसतं झाप झाप झापलं."

मी हसले. आमच्या घरात हे चालायचंच. बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, धडपड्या टेबलाच्या कोपऱ्याला, मी समोर बसलेल्यांच्या गुडघ्यांना. आई म्हणायची, या घराण्याला देवाने पाय दिले, ब्रेक द्यायचे राहून गेले.

हसले खरी, पण मन दुसरीकडेच होतं. ते का, ते सांगते. महिन्याभरापूर्वी मी एका काळ्या कोटाची बाही निळ्या दोऱ्याने शिवली. गिऱ्हाईकाने कोट दारातल्या उजेडात धरला आणि निळ्या टाक्यांवर बोट ठेवलं. इतकी वर्षं शिवणकाम करतेय, असली चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. मी सगळा राग दिव्यावर काढला. मग घरी आल्यावर काळ्या दोऱ्याच्या रिळावर शर्टाचं एक बटण चिकटवून टाकलं, म्हणजे बोटालाच कळेल. नवऱ्याने विचारलं हे काय, तर म्हटलं, शिस्त.

शेवटी मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उजेड मारून बरंच बघितलं. डोळ्यांतला दाब थोडा जास्त आहे म्हणाल्या, काचबिंदूची सुरुवात असू शकते. यात कडेची नजर गुपचूप जाते, गेलेली परत येत नाही, पण वेळेवर औषध घातलं तर उरलेली सांभाळता येते. मग विचारलं, "घरात कुणाला होतं का? आईवडील, भावंडं?"

"छे, कुणालाच नाही," मी ताडकन सांगितलं. बाबांना शेवटी कमी दिसायचं, पण ते म्हातारपणाचं. डॉक्टरकडे ते कधी गेलेच नाहीत.

"मग थोडं थांबून परत बघू. घरात कुणाला असतं तर मी आजच औषध सुरू केलं असतं आणि तुमच्या भावंडांनाही बोलावलं असतं."

हलकं वाटायला हवं होतं. पण तेव्हापासून मी रस्त्यात एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत होते. पाटीची कड दिसली की जीव भांड्यात, नाही दिसली की मागे फिरून तीच पाटी पुन्हा. कुणी विचारलं तर डोळ्यात कचरा.

"काच फुटलेली नाही ही," घड्याळजी म्हणाला.

"फुटलीच. शाळेत नोकरीला होते तेव्हाच. नवी बसवा म्हटलं की म्हणायचे, काच नाही म्हणून घड्याळ काय पळून जातंय?"

"काढलीय, बाई. अगदी अलगद, कडेला चरासुद्धा नाही. सेकंदाचा काटाही काढलाय. आणि हे दोन काटे टोकाला उचललेत." त्याने भिंग माझ्यापुढे धरलं. "आकडे सगळे पुसलेत. आणि बारा, तीन, सहा, नऊ, चारही ठिकाणी लाखेचे टिपके बसलेत. एका मिनिटात खरवडतो."

"हात लावू नका."

मी इतक्या जोरात म्हणाले की त्याने चिमटा खाली ठेवला. घड्याळ ओढून घेतलं, डोळे मिटले आणि तबकडीवर बोट टेकवलं. बाराचा टिपका लगेच लागला. तिथून हळूच सरकत काटा लागला. माझ्या बोटाला काही शिकवावं लागलं नाही. रिळावरच्या बटणाने ते आधीच शिकवलं होतं.

बाबा शाळेत शिपाई होते. घंटा त्यांच्याकडे. बाई विचारायच्या, किती वाजले? बाबा डाव्या मनगटावर उजवा हात ठेवायचे आणि समोर बघतच बिनचूक वेळ सांगायचे. आम्ही चिडवायचो, घड्याळ किती मिरवता. निवृत्त होईपर्यंत त्यांची घंटा कधी चुकली नाही. दिसत नाही असं बोलले असते तर घंटा हातातून गेली असती, नोकरीसकट. म्हणून कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा. एकटेच किती घाबरले असतील. मला तिथेच रडू आलं.

आणि मी डॉक्टरांना ताडकन सांगून आले होते, कुणालाच नाही.

"मग? ठेवायच्या ट्रेत टाकू?" घड्याळजीने हळू आवाजात विचारलं.

खरं सांगते, हो म्हणावंसं वाटलं. टिपके खरवडले, तबकडी रंगवली, काच बसली की संपलं. माझं डॉक्टरांना दिलेलं उत्तर खरं राहील. धडपड्याचं स्टिअरिंग त्याच्या हातात राहील. घड्याळ भिंतीवर छान दिसेल. याने मला न विचारताच खरवडून टाकावं, असंही मनात येऊन गेलं. मग तो डावा आरसा आठवला, आणि त्या आरशामागे बसलेली बसभर माणसं.

मी तिथूनच फोन लावला.

"बोल ताई, झालं का नवं?" तो डेपोत चहा पीत होता.

"काच बसवत नाहीये. बाबांनीच काढली होती ती. त्यांना दिसत नव्हतं रे. बोटाने वेळ बघायचे."

"काहीतरीच तुझं."

मग मी सगळं सांगितलं. टिपके, काटे, माझे डोळे, डॉक्टर काय म्हणाल्या ते. "आत्ताची फेरी दुसऱ्याला दे," मी म्हटलं. "आधी माझ्याबरोबर चल."

"वेडी आहेस का? डोळ्यांचं कळलं तर गाडीवरून उतरवतील. घरी बसून काय करू?"

"आरसा किती वेळा घासलास?"



"साहेबांना एकदाच कळलंय," तो म्हणाला.

मी घड्याळजीचं स्टूल ओढून बसले. "मी येते तिकडे. दोघं जाऊ. औषधाने थांबतं, डॉक्टर म्हणाल्यात."

"बरं." मग म्हणाला, "ताई, काच नको बसवू खरंच. टिपके तसेच राहू दे."

"नाही बसवत."

"पण मग घालायचं कुणी? तू की मी?"

घड्याळजी दोन्ही ट्रे पुढे ओढून बसला होता. घालायचं आहे, एवढं मी त्याला सांगितलं. भावाला म्हटलं, कुणी ते डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर ठरवू.