डोळे काढायचा चाकू

"काकाजी, हा चाकू कशाले ठेवला जी खिशात?"

"डोळे काढाले," ह्यांनी सांगितलं.

मेट्रो स्टेशनच्या तपासणीपाशी आमच्यामागे दहा-बारा माणसं उभी होती. ती सगळी माना उंच करून पाहायला लागली. पोलीस पोरीचं वय फार तर पंचवीस असेल. ती एक पाऊल मागे सरली आणि नेमकं त्याच वेळी तिच्या हातून चाकूचं बटण दाबलं गेलं. खट्‌कन पातं बाहेर आलं. आणि आमचे हे, शालिकराम गजभिये, वय सदुसष्ट, डावा हात स्वेटरच्या खिशात ठेवून अगदी शांत उभे! जसं काही विचारलं त्याचं चोख उत्तर दिलं, आता पुढे जाऊ द्या.

मी कपाळाला हात लावला. एकेचाळीस वर्षं संसार झाला, पण एका वाक्याला दुसरं वाक्य जोडायचं मी ह्यांना शिकवू शकले नाही. मग मीच पुढे झाले. म्हटलं, "पोरी, घाबरू नको वं. माणसाचे नाही, संत्र्याचे डोळे."

चांगलं संत्र्याचं झाड नुसतं बी टाकून करत नाहीत. आधी जंबेरी नावाच्या कणखर लिंबाचं रोप वाढवायचं. त्याची साल चिरायची. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट निघते तो बारीक कोंब, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचा; याला डोळा भरणं म्हणतात. ह्यांनी सरकारी रोपवाटिकेत अडतीस वर्षं हेच काम केलं. तिथे सकाळी कोणी विचारलं की आज काय, तर माणसं सरळ सांगतात, डोळे काढणं चालू आहे. कोणी दचकत नाही.

एवढं सगळं मी बोलले तेव्हा ह्यांनी पिशवीत हात घातला, ओल्या गोणपाटातून एक काडी काढली आणि तिच्यासमोर धरली. "हा पाहा. हा डोळा होय." पोरीने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. मला वाटलं, सुटलो.

पण चाकू परत मिळाला नाही. तिचे साहेब आले. त्यांनीही बटण दाबून पाहिलं, एकदा नाही, तीनदा. पुरुषांना हे बटण दाबल्याशिवाय राहवत नाही बहुतेक. मग म्हणाले की मेट्रोत कुठलाच चाकू चालत नाही, आणि बटणाचा तर शहरातही खिशात घालून फिरायचा नाही, सध्या मनाई हुकूम लागला आहे. वय पाहून सोडतो आहे. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि चाकू ठेवून घेतला. हे गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले, आणि मनीषनगरला घरी पोचेपर्यंत ह्यांचा उजवा हात रिकाम्या खिशावरून हलला नाही.

त्या बटणाच्या चाकूची गोष्ट सांगायला हवी, नाही तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला या वयात काय भलते शौक.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं शाबूत राहिलं (आधी तरी कुठे फार होतं), पण डावा हात गेला. बोटं मिटतात, पकडत नाहीत. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी आपला जुना लाकडी मुठीचा चाकू रोशनला देऊन टाकला. रोशन म्हणजे रोपवाटिकेत ह्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, आता तिथला मुख्य माळी. देऊन आले आणि महिन्याभरात पस्तावले. पण परत मागतील तर ना! ह्या माणसाने कधी कोणाकडे काही मागितलं नाही. ताटात मीठ कमी असलं तर तसंच जेवतील, पण मीठ दे म्हणणार नाहीत.

मग एक साधा मिटवायचा चाकू आणला. तो उघडायला दोन हात लागतात. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्याचं नख पात्याच्या खाचेत घालून ओढायचं. ह्यांनी तो दातांनी उघडायला सुरुवात केली आणि पुढचा दात तोडून घेतला. मी म्हटलं, अहो, द्या ना, मी उघडून देते. तर असं पाहिलं माझ्याकडे, की मी हात मागे घेतला. तो चाकू गेला कुठल्याशा खोक्यात. नंतर एका जत्रेत हा बटणाचा दिसला. एका हाताचं काम. पातं अगदीच टाकाऊ होतं, पण ह्यांनी दगड पायाच्या अंगठ्याखाली दाबून, एका हाताने आठवडाभर घासून त्याला कलमाच्या चाकूसारखी, एकाच अंगाने तासलेली धार लावली. त्या दिवशी पेरूच्या फोडी करून माझ्यासमोर ठेवल्या. कित्येक महिन्यांनी मी ह्यांना खूश पाहिलं. तो चाकू आता ठाण्यात जमा.

आणि वेळही नेमकी अशी, की काड्या घरात. रोपवाटिकेतली जुनी संत्र्याची रांग या महिन्यात तोडणार होते. झाडं थकली, फळ धरत नाहीत, म्हणून. त्या रांगेतलं पहिलं झाड ह्यांच्या हातचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी धोंडबाने, म्हणजे ह्यांच्या गुरूने, ह्यांच्याकडून बांधून घेतलेला पहिला डोळा. लकव्याच्या आधी ह्यांनी गच्चीवर ड्रममध्ये जंबेरीचं बी टाकलं होतं. ते रोप आता पेन्सिलीएवढं जाड झालं होतं. त्यात त्या झाडाचा डोळा बसवायचा, एवढंच ह्यांच्या मनात होतं. त्या मेट्रोच्या दिवशी सकाळी आम्ही बसने तिथे गेलो तेव्हा रोशनने काड्या कापून दिल्या, म्हणाला, मी घरी येऊन बांधून देतो काकाजी. ह्यांनी मान हलवली, तीही नाही म्हणून. काड्या ओल्या गोणपाटात चार-पाच दिवस टिकतात. मग डोळा सुकतो, आणि झाड तर तोडलं जाणारच होतं.

मी म्हटलं, घरातल्या सुरीने काढा. म्हणाले, साल फाटते. ब्लेडने? वाकते. खोक्यातल्या चाकूने? पातं जाड. मग काय करायचं, असं विचारलं तर उठून गोणपाटावर पाणी शिंपडायला लागले.

आमची सुरुची एका वकिलांकडे टायपिंग करते. तिला फोन केला. आधी ती पोट धरून हसली, मग वकीलसाहेबांना विचारून तिने सगळं नीट सांगितलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, बोटभर कामाच्या चाकूचं तसं काही नाही. मात्र बटणाच्या वाटेला जाऊ नका. मनाई हुकूम असला की घरीच ठेवा. मेट्रोत नाही, कोर्टात नाही, सभेत नाही. कोणी विचारलं तर काम काय ते सांगता आलं पाहिजे. "आणि आई, बाबाले म्हणा, कलमा बांधतो म्हणून सांगा. डोळ्याचं नावच नका काढू म्हणा."

तिसऱ्या दिवशी आम्ही ऑटोने लकडगंजला गेलो. तिथे शेतीच्या अवजारांचं एक जुनं दुकान आहे. आता इंदुताई चालवतात. विळे, फावडी, छाटणीच्या कात्र्या, आणि मध्ये खुर्चीवर त्या, चष्मा नाकावर. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं: बटण नको, मोठा नको, आणि एका हाताने उघडला पाहिजे. हे शेजारी उभे राहून फावडी पाहत होते, जसं काही मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते आहे.

इंदुताईंनी वर्तमानपत्र अंथरून त्यावर चाकू मांडले. त्यातला एक काळा होता. पात्याच्या मागे छोटी गुंडी, तिला अंगठ्याने रेटलं की पातं उघडतं. बटण नाही, आत स्प्रिंग नाही. ह्यांनी उजव्या हातात घेतला, अंगठा रेटला. उघडला! परत मिटवलाही, मांडीला टेकवून. पुन्हा उघडला. मला इतका आनंद झाला की मी पिशवीतून पैसे काढायलाच लागले.

"थांब वं," हे म्हणाले.

खिशातून एक काडी काढली. ही कधी घेतली होती, मला पत्ताच नव्हता. काडी इंदुताईंना धरायला सांगितली आणि त्या काळ्या चाकूने एक डोळा काढला. काढलेला डोळा ह्यांनी उजेडात धरून पाहिला. पातं जाड, धार दोन्ही अंगांनी तासलेली. सालीची कड चुरगळली होती. मलासुद्धा दिसली.

मग ह्यांनी शेवटच्या चाकूकडे बोट केलं. लाकडी मूठ, बोटभर पातं, धार एकाच अंगाने तासलेली, आणि पात्यावर नखाची खाच. अगदी जुन्यासारखा. इंदुताईंनी तो उघडून दिला. ह्यांनी डोळा काढला. तो असा सुटून आला की त्याची कड ओली चमकत होती. इंदुताई म्हणाल्या, "हात आहे जी अजून." ह्यांनी चाकू त्यांच्याकडे परत केला. मिटवला त्यांनीच.

"हाच द्या," हे म्हणाले.

मला खरंच राग आला. दुकानातच म्हटलं, अहो, हा तुम्हाला उघडणार कसा? तो काळा घ्या ना, त्याला घासा पाहिजे तर. ह्यांनी एवढंच म्हटलं, "तो माह्या हाताचा आहे. हा झाडाचा आहे." आणि पायरी उतरून ऑटोकडे चालायला लागले, नेहमीसारखे माझ्यापुढे दहा पावलं.

रस्ताभर मी बडबडत होते. आता पुन्हा दात तोडणार, पुन्हा तो चाकू खोक्यात जाणार, आणि काड्या सुकणार.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मला गच्चीवर यायला सांगितलं नाही. काड्यांचं गोणपाट उचललं आणि जिन्यात थांबले. मी गेले. थंडी होती, कोवळं ऊन नुकतंच ड्रमवर आलं होतं. ह्यांनी रोपाचं खोड वीतभर उंचीपर्यंत ओल्या फडक्याने पुसलं. मग खिशातून चाकू काढला, उजव्या हाताने माझ्यासमोर धरला आणि रोपाकडेच पाहत म्हणाले, "उघड वं."

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा दोरा कापायला मी ह्यांचा चाकू उघडला होता. तेव्हा हे किती चिडले होते! हातात घेतलाच नाही. धोंडबाचा नियम होता, ज्याने चाकू उघडला त्यानेच तो मिटवायचा, म्हणजे कोणाचं बोट कापत नाही. "तू उघडला, तूच मिटव," म्हणाले आणि मी मिटवीपर्यंत समोर उभे राहिले. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्या चाकूला हात लावला नाही.

मी नख खाचेत घालायला गेले. पण खाच काही नीट दिसेना. त्या दिवशी डोळा भरायचा होता जंबेरीत, आणि भरले माझे. ह्यांनी घाई केली नाही. पातं उघडल्यावर त्यांनी ते माझ्या हातातून हळूच घेतलं.

खोडावर एक आडवी चीर, तिच्याखाली एक उभी. साल आपसूक सुटली. काडी मी धरली, डोळा ह्यांनी काढला आणि पात्याच्या टोकानेच सालीआड सरकवला. पट्टी मी बांधली. "खालून घे. लय आवळू नको. डोळा मोकळा ठेव." एवढं बोलणं आमच्यात वर्षभरात झालं नसेल. माझी गाठ ह्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि काही खोट काढली नाही.

मग उघडा चाकू ह्यांच्या हातात राहिला. मांडीला टेकवून मिटवता आला असता, काळा मिटवला होता तसा. तसं केलं नाही. मूठ माझ्याकडे केली.

"तू उघडला," म्हणाले. "तूच मिटव."

तीन आठवड्यांनी पट्टी सैल केली तेव्हा डोळा हिरवा होता, म्हणजे लागला होता. रोशन येऊन पाहून गेला. ती जुनी रांग तोवर तोडून झाली होती, त्याने सांगितलं. हे ड्रमातल्या मातीवरची पानं वेचत राहिले.

मेट्रोने जायचं असेल तेव्हा, किंवा हुकूम लागला असं सुरुचीने कळवलं तर, चाकू आता माठाशेजारच्या फळीवर राहतो. एरवी तो ह्यांच्या खिशात असतो. पूर्वी संध्याकाळी हे चपला घालून कधी निघून जात, मला कळतही नसे. परवा मी भाजी निवडत बसले होते. म्हटलं, तुम्ही या फिरून, मला उशीर आहे. बऱ्याच वेळाने मान वर केली तर चपला घालून दारातच उभे. विचारलं, काहून थांबले?

ह्यांनी खिशावरून हात फिरवला.

"बाजारात पेरू आले," म्हणाले.

मी भाजी तशीच ठेवली आणि चपला घातल्या.