डोंगराची री

नगरपालिकेचा पसारा तो केवढा! दोन खोल्या, पाण्याची एक टाकी आणि छपरावर एक भोंगा. पाणी कधी येणार, रस्ता कुठे खचला, कुणाची गाय सुटली, सगळं गावाला त्या भोंग्यातूनच कळायचं. दरीपलीकडे समोर बोडका डोंगर. तो प्रत्येक शब्दाची री ओढायचा. म्हणून सांगणाऱ्यानं चार शब्द बोलायचे, डोंगराचं बोलून होईतो थांबायचं, मग पुढचे चार. घाई केली की शब्दांचा नुसता काला.

हे काम आधी सासऱ्यांचं. त्यांचे कान गेले, डोंगर बोलून थांबला की नाही तेच कळेना, तेव्हा माइक सुनेच्या हाती आला. सून कामाला चोख, आणि चौकस तर इतकी की कुणाच्या दाराला कुलूप दिसलं तरी कारण कळेपर्यंत घास गोड लागायचा नाही.

यंदा भोंगा बिघडला. दुरुस्तीला म्हणून खालच्या शहरात गेला, तो महिनोन्‌महिने तिकडेच पाहुणचार झोडत बसला. एकदाचा परत आला, छपरावर चढला. सुनेनं 'आज पाणी उशिरा येईल' म्हटलं आणि सवयीनं थांबली. डोंगर गप्प. पुन्हा म्हटलं. गप्पच.

तिनं मनाशी हिशोब मांडला. डोंगर काही उठून जाणार नाही, म्हणजे गेले ते आपलेच कान. सासऱ्यांचे हाल ती रोज बघत होती. ज्या माणसाच्या तोंडून गावाला सगळं कळायचं, त्याला आता घरातलंही कुणी काही सांगत नव्हतं. ओरडून ओरडून घसा कोण बसवणार? 'काही नाही, बाबा' म्हणायचं आणि ताट पुढे सरकवायचं. खोटं कशाला बोला, तीही तेच करायची. आता आपल्यालाही असंच कोपऱ्यात बसावं लागणार, या विचारानं तिला रडू फुटायचं.

सरळ विचारायची सोय नव्हती. या गावात गुपित म्हणजे चाळणीतलं पाणी. तिनं शेजारच्या शिंप्याला आडून विचारलं, आवाज नीट येतो ना? तो म्हणाला, खणखणीत, पूर्वीपेक्षा स्वच्छ. झालं! भोंगा ठीक म्हणजे दोष कानातच. पण मग दूध उतू जाताना कसं ऐकू येतं? भिंतीपलीकडे शेजारीण कुजबुजते, तीही शब्दन्‌शब्द कळते. बिघडलंय ते फक्त डोंगराचंच? हे कोडं काही तिला स्वस्थ बसू देईना. शेवटी नणंदेचं पातेलं परत करायचं निमित्त काढून ती दरी उतरून पलीकडे गेली.

नणंदेच्या अंगणात पाय टाकला आणि वर बघतच राहिली. ज्या डोंगरावर सावलीला झुडूप नव्हतं, तिथे रान माजलं होतं. इतकी वर्षं लांबून हिरवं दिसायचं ते तिला गवतच वाटत होतं.

"ताई, माझे कान गेले असं वाटत होतं हो मला," ती म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली.

"कान कशाला जातील? इथे दारातून हाक मारली तरी हल्ली परत येत नाही. यंदाच्या पावसात ही झाडं अशी दाटली, की सगळा आवाज गिळतात," नणंद म्हणाली. पालिकेनं मागे फुकट रोपं वाटली होती, त्यातलीच ही, असंही तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं माइक हातात घेतला. आता थांबायचं कुणासाठी? टाकी धुवायची असल्याचं तिनं एका दमात सांगून टाकलं. बाहेर येऊन बघते तो काय, अख्खं गाव बादल्या घेऊन धावत येतंय! शिंप्याच्या गळ्यात टेप तसाच, नगराध्यक्षबाईंच्या एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. या गावात न थांबता माणूस बोलतो ते फक्त आग लागल्यावर. शब्द ऐकायला कोण थांबलं होतं? खरं काय ते कळल्यावर बाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग पदर तोंडाला लावून स्वतःच हसत सुटल्या.

घरी आली तर सासरे खिडकीशी. रस्त्यानं बादल्या पळताना दिसल्या होत्या, कारण कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. 'काही नाही, बाबा' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. ती थांबली. मग त्यांच्यासमोर बसली आणि चार शब्द बोलली, सावकाश, ओठ दिसतील असे. त्यांनी मान हलवली की पुढचे चार. भोंगा, कान, नणंद, झाडं, सगळं सांगितलं.

सासरे डोंगराच्या दिशेनं वळले. मग त्यांचा चेहरा फुलला.

"रोपं न्या, लावा, असं भोंग्यावरून मीच ओरडायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं, कुणी ऐकलंच नाही."