अजेनिमच्या पेटीतला हिरवा साप

मी एक म्हातारा हिरवा साप आहे. मित्रांनो, मला विष नाही. घानाच्या रानात, ओढ्याकाठच्या कुजक्या खोडाखाली मी अंड्यातून बाहेर आलो. बेडूक खावेत, फांदीवर ऊन खात पडावे आणि माणूस दिसला की पळ काढावा, एवढेच मला येत होते. पण माझा रंग पडला हिरव्या मांबा नावाच्या विषारी सापासारखा, आणि मांबा चावला की माणूस वाचणे कठीण.

औषधे विकणाऱ्या अजेनिमने मला कोकोच्या बागेत पकडले. मी मांबा नाही हे त्याने पाहताक्षणी ओळखले. मला ओळखणारा तो पहिला माणूस, याचेच मला वाईट वाटते.

दर बाजाराला तो माझी जाळीची पेटी मांडून ओरडायचा, "हा मांबा! बायकोला कंटाळलेल्यानं पुढं यावं, पेटीत हात घालावा." लोक हसत. मग मी चावेपर्यंत तो मला स्वतःच्या मनगटावर दाबून धरी. रक्ताचे दोन थेंब येत. त्यावर काळी भुकटी चोळून तो हसत उभा राही. लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. बाप मुलांना खांद्यावर घेऊन मला दाखवत.

समोर केळी विकणाऱ्या फ्रेमाने नवऱ्यासाठी त्या भुकटीची एक पुडी नेली. कोकोच्या तोडणीच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला, बादूला, खरा मांबा चावला. ती दवाखान्यात न्यायला गाडी बघू लागली. बादूने तिचा हात धरला. "गाडी कशाला? औषध आहे ना घरात. डॉक्टर दर बाजारी चावून घेतो, मेला का?" फ्रेमाने भुकटी चोळली. दुपारच्या आत तो गेला. बाजारातल्या बोलण्यातून मला हे कळले.

पुढच्या बाजाराला ती सुतकाचे लाल वस्त्र नेसून आली. तिने माझ्या पेटीचे झाकण उघडून आत हात घातला. मी घाबरलो आणि चावलो. अजेनिम भुकटी घेऊन धावला. तिने त्याला ढकलले आणि तिथेच खोक्यावर बसली. लोक जमले. सावल्या लांबल्या. मग उठून तिने हात वर केला.

"बघा, काही लावलं नाही. मेले का मी? याला विषच नाही. या भुकटीवर विसंबून माझा बादू गेला."

लोक अजेनिमकडे वळले. अजेनिमने शांतपणे विचारले, "बादूला कुठल्या हातानं चोळलंस?"

"याच."

"मग! औषध मुरलंय तुझ्या अंगात. त्याला लावायला तू उशीर केलास, बाई."

लोकांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी एकही पुडी उरली नाही. घेणाऱ्यांत बादूचा सख्खा भाऊ होता. फ्रेमा त्याच्याकडे बघत राहिली. मग आपली केळी तशीच टाकून ती निघून गेली.

मित्रांनो, साप चावला तर आधी गाडी शोधा, दवाखाना गाठा. घरच्यांनी हात धरला तरी थांबू नका. त्या वर्षी आमच्या बाजाराला येणाऱ्या आणखी दोन घरांनी गाडी शोधली नाही.