बाबांचा वेगळा गिलास

विशाखाने विकणाऱ्या कंपनीने दिलेला हेक्झेनचा माहितीचा कागद पुन्हा उघडला. शेवटच्या रकान्यात तेच होतं : 'दीर्घकाळ संपर्काचे परिणाम, माहिती उपलब्ध नाही.' म्हणे उपलब्ध नाही! सोयाबीनचं तेल काढायला टाक्याच्या टाक्या ओततात हे रसायन, आणि विकणाऱ्यालाच माहीत नाही?

"सर, हे रिकामंच ठेवू का?"

विनोद सर कारखान्यांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवत. नांदेडच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात विशाखा त्यात एकेका रसायनाची माहिती शोधून भरायची.

"रिकामं कशाला? दुसरीकडं शोधा. पण कुठून घेतलं ते लिहा, उद्या आपल्या अंगलट यायला नको."

तिने शोधलं. परदेशातल्या एका सरकारी पानावर सापडलं. वाफ रोज श्वासात गेली तर आधी पायाची बोटं बधिर होतात, मग हाताची. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही.

तिने ते वाक्य परत वाचलं. मग मात्र तिच्याने पुढचं काही भरवेना. तिचे बाबा, नरसिंग, तेलाच्या कारखान्यात याच टाक्यांपाशी कामाला होते. उन्हाळ्यापासून त्यांची चप्पल वाटेतच राहायची आणि गल्लीतल्या बायका हसत आणून द्यायच्या. आणि उन्हाळ्यापासूनच बाबांनी आपलं ताट आणि गिलास वेगळा काढला होता. का म्हणून विचारलं की अंगावर यायचे.

ती घरी पोचली तेव्हा आईच्या, सरजाबाईच्या, तोंडाचा पट्टा चालूच होता.

"पाण्यापायी आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली, अन् हे माणूस घरातच वेगळा गिलास मांडून राहिलं! लाज वाटू द्या जरा!"

बाबा भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होते. विशाखाने त्यांच्या हातातला गिलास घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"ठेव ते!" बाबा ओरडले. "लागंल तुला!"

"काय लागेल? बाबा, तुमचे पाय बधिर झालेत ना?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"महारोग हाय पोरी. तुझं लगीन व्हायचं हाय, म्हणून गप बसलो."

महारोग गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं. बाबा रोज तिथूनच जायचे. पण भ्यालेल्या माणसाला भिंत दिसते कुठे?

"महारोग नाही दिसत हा. तुमच्या टाकीच्या वासानं असंच होतं, मी आज वाचलं. कुणाला लागत नाही. उद्याच डॉक्टरला दाखवू."

बाबांना हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. सरजाबाईने कपाळावर हात मारला.

"येडं रे येडं माझं माणूस!" म्हणत तिने त्यांना ओढून आपल्याच ताटावर बसवलं.

जेवता जेवता बाबांनी विचारलं, "याची गोळी कोणती?"

"याला गोळी नाही, बाबा. काम सोडायचं. वासापासून लांब राहिलं तर हळूहळू उतरतं. नाही तर हातात येतं."

"हाव हाव, बघू," म्हणत त्यांनी आईच्या ताटातली भाकरी मोडली.

सकाळी विशाखाला जाग आली ती बाबांच्या शिट्टीने. बाबा दाढी करून उंबऱ्यावर बसले होते आणि चप्पल सुतळीने पायाला बांधत होते.

"आपल्याला दवाखान्यात जायचंय ना?"

"रविवारी जाऊ की. आज कामावर निघालो."

"कामावर? रात्री सांगितलं ना तुम्हाला?"

"तूच सांगितलं ना, रोग न्हाई म्हणून? डॉक्टरनं रोग सांगितला असता तर सोडावंच लागलं असतं बघ. चार माणसात काय तोंड घेऊन बसलो असतो? नुसत्या वासाला काय भ्यायचं, पोरी!"

त्यांनी सुतळीला आणखी एक गाठ मारली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसत होता. विशाखाचं लक्ष पायाकडे गेलं. सुतळी कातडीत रुतली होती.

"बाबा, लई आवळली. रक्त येऊन राहिलं!"

"कुठं?" बाबांनी वाकून पाहिलं आणि डबा उचलला. "मला तर काहीच दुखून न्हाई राहिलं."