नऊ वेढे

कॉइलला नऊ वेढे होते. आठवा किंचित सैल. रमझिया आपाने चिमट्याने तो सारखा केला आणि भिंगातून पुन्हा मोजले. कझानच्या या प्रयोगशाळेत ती चौतीस वर्षं चांदीच्या तारेची कॉइल गुंडाळत होती. आत काडीच्या गुलाएवढा अतिवाहक स्फटिक ठेवायचा, हेलियमने गार करायचा, आणि त्यातल्या तांब्याच्या अणूंचं चुंबकत्व पडद्यावरच्या रेषांमधून वाचायचं. कॉइल तांब्याची असली तर तिचीही रेषा त्यांत उमटते.

"आपा, आजही ती रेषा नाही," चुलपान म्हणाली. प्रबंधाचं तिचं चौथं वर्ष होतं. "तिसरा स्फटिक हा."

"आधी चहा घे. तोंड बघ, हेलियम संपल्यासारखं."

तेवढ्यात प्राध्यापक नियाज अबी आत आले. ती रेषा त्यांचीच. मुख्य रेषेशेजारी बारीकशी, तापमान बदललं तरी जागची न हलणारी. स्फटिकाच्या थरांमधल्या लपलेल्या चुंबकत्वाची खूण, असं त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलं आणि त्यावर त्यांचं नाव झालं.

"स्फटिक बिघडवतेस तू," ते म्हणाले. "रेषा दिसल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही. रमझिया, अठ्ठ्याण्णवची ती कॉइल आहे ना तुझ्याकडे? हिला दे. गुण आहे तिचा."

"कॉइलचा की आपाच्या हाताचा?" चुलपान हसली. बऱ्याच दिवसांनी.

कॉइल चहाच्या डब्यात होती. वर राळेचा जाड काळा थर. तार दिसत नव्हती. त्या वर्षी पगार थकले होते, चांदीची तार संपली होती. नुसतं यंत्र तपासायला म्हणून आपाने तांब्याची गुंडाळली. अबींनी तिच्यावरच मोजमाप उरकलं. लेख पाठवण्याआधी त्यांनी आपाला विचारलं होतं, "चांदीचीच ना?" खोलीभर माणसं पेढे खावेत तसे एचपोचमक, मांसाचे तिकोनी सामोसे, खात होती. तिने होकारार्थी मान हलवली.

आज ही कॉइल दिली तर रेषा येईल. मुलीला पदवी मिळेल. तीही तेच लिहील.

चुलपानने हात पुढे केला.

आपाने डबा उघडला. सुरीच्या टोकाने राळ खरवडली. खाली तांबूस चकाकलं.

"अबी, ही तांब्याची आहे," ती म्हणाली. "तेव्हाही तांब्याचीच होती. मी खोटं बोलले."