या कानांनी जुळवलेला आवाज

बेबीताई पन्नाशीला टेकली होती, तरी घरात आणि कारखान्यात ती बेबीच होती. कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. एक लांबट शेड, जोडणीची टेबलं, पॅकिंगची जागा आणि मागच्या अंगाला तिची खोली. खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की माणसाला आपलाच श्वास ऐकू यायचा. धंदा थोरल्या भावाचा, दादाचा. पण तिथे बनणारे हेडफोन कसे वाजायचे, ते बेबीताई ठरवायची.

साध्या हेडफोनमध्ये शंकूसारखा एक छोटा पडदा मागेपुढे हलतो. यांचे हेडफोन प्लॅनर जातीचे. चुंबकाच्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्या मधोमध केसाहून पातळ फिल्म ताणलेली आणि फिल्मवर धातूची नागमोडी रेघ. वीज आली की अख्खी फिल्म एकदम हलते. त्यामुळे खर्ज तळापर्यंत सरळ उतरतो, फुगत नाही, गुरगुरत नाही. ठोका पडला की पडला, त्याची शेपटी मागे घोटाळत राहत नाही. पण या जातीची एक खोड असते. चुंबकांच्या पट्ट्यांमधून बाहेर पडताना वरचे सूर अडखळतात, आणि नेमके 'स', 'श', 'च' जिथे असतात तिथे आवाजाला एक टोक येतं. पहिल्यांदा ऐकताना ते चमचमतं. थोड्या वेळाने टोचायला लागतं.

ते टोक बोथट करायला बेबीताईने अख्खं वर्ष घातलं होतं. कापड लावून बघितलं, कागद लावून बघितला, कानावर टेकणाऱ्या पॅडला भोकं पाडून झाली. कापड लावलं की टोक जायचं, पण आवाजातली हवाही जायची, सगळी गाणारी माणसं पांघरुणातून गात असल्यासारखी. शेवटी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक पातळ चकती सापडली, मधे भोक असलेली, पॅडच्या आत बसणारी. ती बसवली आणि बेबीताई खोलीत एकटीच टाळ्या वाजवत सुटली. दादानेही तेव्हा पाठ थोपटली होती. खोक्यावर तिचा फोटो छापला, कानांवर हेडफोन आणि डोळे मिटलेले. खाली ओळ : 'या कानांनी जुळवलेला आवाज'.

त्याच फोटोकडे बोट दाखवत एक दिवस एक बाई थेट तिच्या खोलीत शिरल्या.

"ह्या तुम्हीच ना?" बाईंनी खोकं टेबलावर आपटलं. "मग ऐका. मी कोर्टात साक्षींच्या रेकॉर्डिंगवरून टायपिंग करते. दिवसभर हे डोक्यावर असतं. तुमच्या भरवशावर घेतलं, आणि आता रोज संध्याकाळी डोकं ठणकतं."

"डोक्यावर घट्ट बसत असेल," बेबीताई म्हणाली.

"घट्ट नाही, टोचतंय! प्रत्येक 'स' सुईसारखा येतो. म्हणून मी आवाज कमी करते. परवा एका म्हाताऱ्या साक्षीदाराने एका प्रश्नाला हळूच 'नाही' म्हटलं, ते मला ऐकूच आलं नाही. मी लिहिलं, साक्षीदार गप्प राहिले. भर कोर्टात वकिलाने मला उभं केलं. इतकी वर्षं काम करतेय, असं कधी ऐकून घ्यावं लागलं नव्हतं."

बेबीताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे बघा, माझ्या हेडफोनमध्ये 'स' टोचणं शक्यच नाही. तुमचं रेकॉर्डिंग वाईट असणार. कोर्टातले माइक कसे असतात ते मला माहीत आहे."

"लावून तर बघा!"

बेबीताईने तोऱ्यातच हेडफोन लावला, आवाज जुळवताना वापरलेलं गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत तिचा चेहरा पडला. टोक होतं. तिने वर्षभर झगडून घालवलेलं, ओळखीचं, नको असलेलं टोक जसंच्या तसं परत आलं होतं. तिने पॅड उपसून काढलं. आत चकती नव्हती. पडली असती तर गोंदाचा डाग राहिला असता. डागही नव्हता. चकती बसवलीच नव्हती.

"मी तुम्हाला उगाच बोलले," ती कशीबशी म्हणाली. कपाटातून दोन चकत्या काढून तिने तिथेच बसवल्या आणि हेडफोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी ऐकलं, डोळे बारीक केले, पुन्हा ऐकलं. "असा होता होय हा!" त्या म्हणाल्या. "मग आधी का नाही दिला?"

पॅकिंगच्या जागी जाऊन बेबीताईने एकामागून एक खोकी फोडली. एकातही चकती नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा टेबलाशी फोनवर बोलत होता. तिने फोन हातातून काढून घेतला आणि ठेवला.

"चकत्या कुठे गेल्या?"

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. "कळलं का? बरं झालं. नाहीतरी सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"बेबी, बस आधी. दुकानात माणूस अर्धं मिनिट ऐकतो. तुझा लावला की म्हणतो, 'बरा आहे.' दुसऱ्यांचा लावला की म्हणतो, 'व्वा!' मला 'व्वा' पाहिजे. चकती काढली की आपला पण 'व्वा' वाजतो. त्यात काय एवढं?"

"आणि ज्यांनी पेपरात आपल्या हेडफोनचं कौतुक लिहिलं, त्यांना पाठवलेल्या नगांत चकती होती?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "त्यांत होती."

"म्हणजे लिहिणाऱ्यांना एक, विकत घेणाऱ्यांना दुसरा. आणि दोन्हींवर थोबाड माझं!"

"थोबाड काय म्हणतेस, किती छान फोटो आहे."

बेबीताई तशीच बाहेर पडली. कोपऱ्यातल्या टेबलाशी वहिनी बसली होती. तक्रारींचे फोन तीच घ्यायची. तिने सगळं ऐकलं होतं. "मला रोज हेच सांगतात लोक," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी म्हणायचे, कानाला सवय होईल. मला यांनीच तसं सांगायला सांगितलं होतं."

त्याच आठवड्यात दुकानदारांचा मेळावा होता. एका हॉलमध्ये खुर्च्या, फुलं, माइक. दादाने स्वागताचं भाषण ठोकलं आणि सगळे चहाला उठणार इतक्यात बेबीताई दोन पेट्या घेऊन पुढे आली. एकीत चकतीचे हेडफोन, दुसरीत बिनचकतीचे. "दोन्ही ऐका आणि मला सांगा," ती म्हणाली. दादाने दुरून डोळे वटारले, पण दुकानदारांसमोर तिला अडवणार कसा?

दुकानदारांनी गाण्याचा एक तुकडा ऐकला आणि बहुतेकांनी बिनचकतीचाच उचलला. "ह्यात जान आहे," एक जाडे दुकानदार म्हणाले. दादाची छाती फुगली.

"थांबा," बेबीताई म्हणाली. "आता तोच लावून ठेवा. काढायचा नाही." तिने दादाचं नुकतंच रेकॉर्ड झालेलं भाषण लावलं. भाषण लांबलचक होतं, आणि दादाला सचोटी, सेवा, समाधान, विश्वास हे शब्द भारी आवडायचे. थोड्या वेळाने कुणी मान झटकली. कुणी एक कान मोकळा केला. भाषण निम्म्यावर यायच्या आत अर्ध्याअधिक जणांनी हेडफोन गळ्यात उतरवला होता.

"दादा, तुमची सचोटी फार टोचते बुवा!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. बेबीताई हसली नाही.

"हे लोक दिवसभर लावतात," ती म्हणाली. "काम करतात हे लावून. आपण त्यांना अर्ध्या मिनिटाचा आवाज विकतोय."

जाड्या दुकानदारांनी हसून पाणावलेले डोळे पुसले. "ताई, तुमचं सगळं पटलं. पण माझ्या दुकानात उभं राहून भाषण कोण ऐकतंय? मला हाच द्या, चकमकीत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. काही खाली बघत, पण डोलावल्या.

म्हणजे पटलं होतं आणि तरी नको होतं! बेबीताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐकू आलं नसतं तर तिने माफ केलं असतं. यांना तर स्वच्छ ऐकू आलं होतं. तिने टेबलावरचं खोकं घेतलं, स्वतःच्या फोटोवर नखं रोवली आणि तो टराटरा फाडून काढला.

"विका," ती दादाला म्हणाली. "माझे कान सोडून काय हवं ते विका."

"घरचं भांडण चारचौघांत आणलंस," दादा घरी आल्यावर म्हणाला.

"मी नाही आणलं. तू माझा चेहरा चारचौघांत नेलास."

दुसऱ्या दिवसापासून बेबीताईने खोलीत बसणं सोडलं. तिने टेबल कारखान्याच्या दारात मांडलं, फेल्टचा गठ्ठा घेतला आणि चकत्या कापत बसली. टायपिंगवाल्या बाई कोर्टातल्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. मग एक भाषांतर करणारे गृहस्थ आले, मग एक गाणं शिकवणारी. आणि मग रांगच लागली, कारण तिकडे वहिनीने फोनवर सवयीचं पालुपद बंद करून सरळ सांगायला सुरुवात केली होती, "हो, टोचतो. या घेऊन. बेबी दारातच बसलीय."

दादाला ते कळलं तेव्हा तो तणतणत बायकोपुढे उभा राहिला. "तू पण?"

"मी काय पण?" वहिनी म्हणाली. "लोकांच्या शिव्या तुम्ही खाता का? फोन घ्या उद्यापासून, मग बोला."

दादाने खरंच एक दिवस फोन घेतले. काही दिवसांनी जोडणीच्या टेबलांवर चकत्यांचे डबे पुन्हा दिसायला लागले. बेबीताईला कुणी काही सांगितलं नाही. तिला कळलं ते पेपरातल्या जाहिरातीवरून. 'नवी सुधारित आवृत्ती! आता कानांना अधिक मऊ! आमच्या अथक संशोधनाचं फळ.'

जाहिरात मुठीत चुरगळून ती दादाच्या टेबलापाशी गेली.

"सुधारित? आधी बिघडवलं कुणी?"

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता शब्दांवरून कशाला भांडतेस?"

"झालं नाही. ज्यांनी आधी घेतलेत त्यांना चकत्या घरपोच पाठव. फुकट. आणि आत चिठ्ठी घाल, की चूक आमची होती."

"चकत्या पाठवतो," दादा पेन फिरवत म्हणाला. "चूकबीक लिहिणार नाही."

"मग ते मी लिहीन."

"लिही. पण कंपनीचा शिक्का मिळणार नाही."

"नको तुझा शिक्का," बेबीताई म्हणाली, आणि वहिनीच्या टेबलावरून कोरे कागद उचलून लिहायला बसली. पहिलाच कागद रागाने इतका दाबून लिहिला गेला की तो फाटला. तिने दुसरा घेतला.