शार्दूलच्या कॉम्प्युटरचं नवं कार्ड

काशीत ब्रह्मा घाटावर वासुदेवशास्त्री पाध्ये लोकांना मरण समजावून सांगत, आणि फार चांगलं सांगत. गेलेल्याचं नाव घेऊन रडत बसू नका, त्याचा जीव अडकतो, त्याला जाऊ द्या. पुण्याहून, इंदूरहून अस्थी घेऊन आलेली माणसं त्यांचं ऐकून खरोखर शांत होऊन परतत. घरात मात्र या ज्ञानाची डाळ शिजत नव्हती.

एकुलता एक मुलगा शार्दूल मागच्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेला. कॉलेजातला धडधाकट पोरगा, तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. वर्षश्राद्ध झालं तरी त्याची आई शरदिनीबाई रोज दुपारी त्याच्या खोलीत जात, त्याचा कॉम्प्युटर लावत आणि कानांवर हेडफोन चढवून बसत. शार्दूल गेम खेळताना स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचा. यूट्यूबवर चॅनेल काढणार होता. अजून नीट जमत नाही, जमलं की टाकीन, असं म्हणता म्हणता टाकायचं राहूनच गेलं. त्यामुळे त्याचा आवाज त्या कॉम्प्युटरशिवाय जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

"तुम्ही एकदा ऐका तरी," बाई सुरुवातीला म्हणायच्या.

"मला त्यातलं काही सांगूसुद्धा नकोस," शास्त्रीबुवा म्हणायचे. "मी त्याला निरोप दिलाय."

हे अर्धंच खरं होतं. वेदपाठ अर्ध्यावर सोडून मुलगा या डब्यापुढे बसला, याचा त्यांना राग होता. मुलगा गेला तरी राग गेला नाही. आणि मेलेल्या लेकरावर राग धरतो म्हणून स्वतःची लाज वाटे, ती वेगळीच.

श्रावणात एक दिवस कॉम्प्युटर बिघडला. आत पंखा घुमायचा, पण पडदा काळाच. बाईंनी तारा काढून पुन्हा लावून पाहिल्या, उदबत्तीसुद्धा लावून पाहिली. मग त्या जेवेनाशा झाल्या. दोन घास खायचं नि ताट सारायचं. लोकांच्या बायकांना धीर देणारा हा माणूस स्वतःच्या बायकोपुढे पार हतबल झाला.

शेवटी त्यांनी तो डबा उपरण्यात बांधला, गल्लीतून छातीशी धरून मैदागिनच्या चौकापर्यंत नेला आणि तिथून ई-रिक्शानं एका दुकानात. मांडीवर त्याचं ओझं आलं तेव्हा त्यांना लहानपणचा शार्दूल आठवला. त्यांनी बाहेर बघायला सुरुवात केली.

"ग्राफिक्स कार्ड गया है, गुरुजी," दुकानदार म्हणाला. "मशीन पुरानी है, महँगा मत लगवाइए. सस्तेवाला काफी है. बस थोड़ा लंबा है, बैठेगा नहीं. ये पुरानी हार्ड डिस्क और इसका खाँचा हटाना पड़ेगा. उसकी जगह छोटी नई डाल देता हूँ, मशीन दौड़ेगी."

"जो उचित हो, कीजिए."

शास्त्रीबुवांना काय ठाऊक! त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे एक सबंध वस्तू. चष्म्याची काडी बदलावी तसा आतला एखादा भाग बदलायचा. पडदा उजळला, दुकानदारानं काढलेले जुने भाग कापडी थैलीत घालून दिले आणि "थैला देख के ले जाइएगा" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी डबा उतरवून ते संध्येला निघाले, ती थैली घेऊनच. मोडकी वस्तू असली तरी शार्दूलची होती. भंगलेली मूर्ती, जुनं जानवं, देवावरचं निर्माल्य यातलं काही या घरातून कधी कचऱ्यात गेलं नव्हतं, मग लेकाची वस्तू कशी जाईल? काठावर सोडलं तर नाण्यांसाठी बुड्या मारणारी पोरं वर काढतील, म्हणून त्यांनी बिंदुमाधव मल्लाहाला नाव मधल्या धारेपर्यंत न्यायला लावली. गंगा दुथडी भरून वाहत होती. त्यांनी थैलीवर फुलं ठेवली, मुलाचं नाव आणि गोत्र उच्चारलं आणि हात सैल केला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. मुलासाठी काहीतरी मनापासून केलं, असं वाटलं.

घरी आले तर शरदिनीबाई कॉम्प्युटरपुढे उभ्या. पडदा कसा झगझगीत, आणि त्यावर काहीच नाही. शार्दूलचे गेम नाहीत, फोल्डर नाहीत. त्या फोनवर दुकानदाराशी बोलत होत्या.

"घबराइए मत, आंटी," फोनमधून ऐकू आलं. "सब पुरानी डिस्क में है. थैले में दी है गुरुजी को. लेकर आइए, तार से जोड़ देंगे, एक-एक चीज़ मिल जाएगी."

बाईंचा चेहरा उजळला. तसा तो वर्षभरात उजळला नव्हता.

"अहो, थैली कुठे ठेवलीत?"

शास्त्रीबुवा उंबऱ्यावर बसले. सांगायला दोन वाक्यं पुरली.

बाई ओरडल्या नाहीत. त्या शार्दूलच्या खुर्चीत बसल्या आणि हेडफोनची तार गुंडाळू लागल्या.

"काय होतं गं त्यात?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"तुम्ही होतात," बाई म्हणाल्या.

"मी?"

"संध्याकाळी तुम्ही पाठाला बसायचात, तेव्हाच तो खेळायचा ना. सगळं मागे ऐकू यायचं. मधेच तो खेळणं थांबवायचा नि हळूच म्हणायचा, भाई लोग, दो मिनट चुप. बाबा रुद्र बोल रहे हैं. ऐसी आवाज़ पूरे बनारस में नहीं है. आणि मग स्वतःही म्हणायचा तुमच्यामागून, पुटपुटत. सगळं पाठ होतं त्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

दिवेलागणी झाली. सवयीनं शास्त्रीबुवा हातपाय धुऊन आसनावर बसले. ओठ हलले, पण आवाज काही केल्या फुटेना. हजारो वेळा म्हटलेली पहिलीच ओळ घशात अडकली आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकलं.

शरदिनीबाई शार्दूलच्या खुर्चीतून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "थांबू नका हो. मोठ्यानं म्हणा. त्यातलं तेवढंच उरलंय आता."